बाबांशेजारची जागा

मामा अंगणात आले, पण चपला काढायला तयार नव्हते. मी म्हटलं, "बसा." ते म्हणाले, "बसायला आलो नाही." सकाळचे आठ वाजले असतील. आत खाटेवर त्यांची सख्खी थोरली बहीण, माझी आई, शेवटच्या घटका मोजत होती, आणि हा गृहस्थ कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढत होता.

"एवढं आक्काकडून लिहून घे," ते म्हणाले. "अक्षर तिचं पाहिजे. खाली सही आणि तारीख."

मी कागद उघडला. मामांनी मसुदाच करून आणला होता. 'मी घेतलेला दुसरा बाप्तिस्मा ही माझी चूक होती. तिच्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागते. माझं नाव पुन्हा पटावर घ्यावं, ही विनंती.' तीनच ओळी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि नाही दिलं तर?"

"तर कबरस्तानात जागा नाही. नियम तुला माहीत आहे."

"मामा, डॉक्टरनं आठ दिवस सांगितलेत. त्यातले तीन गेले."

"म्हणूनच आज आलो," मामा म्हणाले, आणि छत्री काखेत मारून चालते झाले. बहिणीचं तोंड बघायला आत डोकावलेसुद्धा नाहीत.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या मार्चमधली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला शिकायला. गावात माझी ओळख काय, तर रिबकाबाई, तोंडाची फटकळ. ती ओळख मी कमावलेली होती. ग्रामसेवक असो नाहीतर हेडमास्तर, कुणाची भीडभाड ठेवली नाही. फक्त मामांपुढं माझी जीभ जरा आखूड व्हायची, कारण लहानपणी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या.

मामा म्हणजे शांतवन भांबळ. रिटायर्ड हेडमास्तर आणि आमच्या करंजखेड्याच्या मंडळीचे वीस वर्षं मुख्य पंच. पाळकसाहेब चार गावांना मिळून एक. ते महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि दुपारच्या एसटीनं परत जायचे. बाकी चर्च, आमच्या बोलीत देऊळ, मंडळीच्या सभासदांचा पट, कबरस्तान, सगळं मामांच्या हातात. ते म्हणतील ती पूर्व दिशा.

आणि एवढं रामायण कशावरून, तर पाण्यावरून. आमच्या मंडळीत मूल तान्हं असताना त्याच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा होतो. आईचा तसाच झाला होता, माझाही. मग तालुक्याहून ब्रदर एलिया नावाचा माणूस गावात यायला लागला. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि तोंडात एकच विषय. प्रभू परत येतोय, दाराशी आलाय, तुम्ही तयार आहात का? तान्हेपणीचं पाणी काही खरं नाही, तयार व्हायचं तर जाणतेपणी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या. माझी आई शलोमीबाई, जन्मभर मिशनच्या शाळेत शिकवलेली बाई, वय सडुसष्ट, गुडघेदुखीमुळं जिना चढत नव्हती. ती नोव्हेंबरच्या थंडीत पाटाच्या पाण्यात उतरली. पुढच्याच रविवारी पंचांनी तिचं नाव पटावरून काढलं. ठराव मामांनी मांडला.

मला दोन्हीकडच्यांचा सारखाच राग होता. मी देवळात जायची ती नाताळ आणि ईस्टरला. प्रभू येईल तेव्हा येईल, तोवर पोरांच्या वह्या तपासायच्यात, असा माझा खाक्या. आईचं मात्र सगळंच बदललं होतं. रोज संध्याकाळी ती पाय धुवायची, वेणी घालायची आणि धुतलेलं लुगडं नेसूनच खाटेवर आडवी व्हायची.

"प्रभू काय तुझं लुगडं बघायला येणारय का?" मी एकदा विचारलं.

"तुझा इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर तू वर्ग झाडून घेतेसच की," ती म्हणाली.

आता जागेचं सांगते. आमच्यात माणसाला पुरताना डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करतात. का, तर प्रभू पूर्वेकडून येणार. त्याची तुतारी वाजली की मेलेली माणसं उठून बसतील, तेव्हा त्यांचं तोंड सरळ त्याच्याकडं असलं पाहिजे. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा आईनं तेव्हाच दगड रोवून धरून ठेवली होती. "उठल्यावर तुझ्या बाबांना आधी चष्मा सापडायचा नाही," ती म्हणायची. "शेजारी मी पाहिजे."

पटावरून नाव गेलेल्या माणसाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायचं, नाल्याच्या कडेला. तिथं जीव दिलेले आणि बेवारशी असे चारपाच जण होते. भिंत आणि नाला यांच्यात पट्टी इतकी चिंचोळी की खड्डा दक्षिणोत्तरच घ्यावा लागतो. आईला मरणाची भीती नव्हती. तिला त्या पट्टीची होती.

मी मसुदा घेऊन आत गेले. आईच्या पोटात गाठ होती. नगरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून घरी न्या म्हणून सांगितलं. अंगात काही उरलं नव्हतं, पण कान शाबूत होते.

"शांतवन आला होता ना?"

"आला होता. गेला."

"आत नाही आला."

"नाही."

तिनं भिंतीकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "वाच काय लिहिलंय ते." मी वाचलं.

"नाही लिहायची मी."

"आई, तीन ओळी आहेत."

"तीन असोत नाहीतर तीस. चूक नव्हतीच, तर चूक होती असं कसं लिहू?"

"मग नाल्याकडं जाशील. प्रभू इकडून येईल आणि तू तिकडं डोंगराकडं तोंड करून बसशील. चालेल?"

मरणाऱ्या बाईला असं बोलायचं नसतं. मला कळत होतं, पण बोलले. आईचे डोळे भरून आले.

"नाही चालणार," ती म्हणाली. "मला तुझ्या बाबांशेजारीच जायचंय."

"मग लिही."

"तू जागा माग. कागद देऊ नको."

"अगं, तो कागदाशिवाय जागा देत नाही, तेच तर सांगतेय मगापासून."

"गावाशी भांडतेस, मग माझ्यासाठी एकदा भांड की," आई म्हणाली. दम लागला म्हणून थांबली आणि मग हळूच म्हणाली, "आणि मी लिहिलं तर मंजुळानं काय करायचं?"

मंजुळा तेव्हा बाहेर कपडे वाळत घालत होती. ही भिकाजी पंचाची सून, पंचविशीची. आईचा हात धरून त्याच दिवशी पाटात उतरलेली. नवरा आधीपासून हात उचलायचा. डाव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं ते त्यामुळंच. बाप्तिस्म्यानंतर त्याला आयतं निमित्त मिळालं. सासऱ्यानं तिला घराबाहेर काढलं आणि सांगितलं, माफीचा कागद दे आणि घरात ये. चार महिने ती आमच्या पडवीत राहत होती. आईचं न्हाणंधुणं, हगणंमुतणं तिनंच काढलं, माझ्यापेक्षा जास्त. जालन्याला तिच्या मावशीनं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम बघून ठेवलं होतं. आई गेली की ती तिकडं जाणार होती. मन डळमळायचं तिचं. लोक येऊन सांगायचे, कागद दे, संसार मोडू नको. पण तिचं उत्तर ठरलेलं. "शलोमीआई देत नाही, तवर मी पण देत नाही."

मी आधी त्या एलियाकडं गेले. गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याची सभा भरायची. तो सतरंज्या गोळा करत होता.

"ब्रदर, तुमच्या पाण्यापायी हे झालंय," मी म्हटलं. "माझ्याबरोबर पंचांकडं चला. दोन शब्द बोला."

"ताई, शरीर म्हणजे माती," तो म्हणाला. "कुठं पुरलं यानं काय फरक पडतो? नाव वर लिहिलेलं आहे ना."

"तिला पडतो फरक."

"तिला धीर द्या. म्हणावं, घट्ट उभी राहा. तिची साक्ष ऐकून किती जणांना बळ येतं."

"मग तिला भिंतीबाहेर पुरायला तरी याल?"

त्यानं सतरंजीची घडी नीट केली. "गुरुवारपासून आमचा मेळावा आहे. चार दिवस. तयारी हाच विषय आहे," म्हणाला आणि मला जाहिरातीचं पत्रक दिलं. वर लाल अक्षरात छापलेलं, 'तुम्ही तयार आहात का?' मी ते त्याच्यासमोर फाडलं आणि त्याच्या सतरंजीवर टाकलं. तो गोड हसला. असल्या माणसांना राग येत नाही, त्याचाच मला संताप येतो.

तिथून मामांच्या घरी. आयुष्यात पहिल्यांदा मी नाक मुठीत धरून कुणाच्या दारात उभी राहिले. "मामा, तुमची बहीण आहे ती. आई गेल्यावर तिनं तुम्हाला वाढवलं. पाटीवर तुमचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं."

"विसरलो नाही," मामा म्हणाले.

"मग?"

"तिच्यासाठी नियम मोडला तर उद्या कुणाला लावू? कागद आण, रिबका. मी स्वतः उभा राहून खड्डा घेतो, दाजींच्या शेजारी."

मी पाय धरायचे तेवढे ठेवले होते. तेही धरले. त्यांनी पाय मागं घेतले.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. दुपारी आई ग्लानीत होती. मंजुळा पाटावर गोधड्या धुवायला गेली होती. मी शाळेची वही काढली, मधलं पान फाडलं आणि मामांचा मसुदा समोर ठेवून लिहायला बसले. अक्षर काढायला मला काही करावंच लागलं नाही. मामांना तिनं गिरवायला शिकवलं, तसंच मला. आमच्या घरात सगळ्यांचं अक्षर एकच होतं. तीन ओळी, खाली 'शलोमी दाविद ओहोळ' आणि तारीख. सही जरा थरथरती केली. मला लाज वाटली नाही, खरं सांगते. मामांना बनवलं याचा आनंदच झाला.

मामांनी कागद ओट्यावर उभं राहून वाचला. बराच वेळ वाचला. तीन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"कधी लिहिलं?"

"दुपारी. जरा बरं वाटत होतं तेव्हा."

"बसून?"

"बसून. मी पाठीला धरलं होतं."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि बायबलात ठेवली. "ठीक आहे," म्हणाले. "वेळ आली की सांगावा धाड."

मी परत आले तर आई जागी होती. मी खाटेच्या कडेला बसले. "मिळाली जागा. बाबांशेजारची."

तिनं माझं मनगट धरलं. "कागद न देता?"

"न देता."

"खरं?"

"भांड म्हणालीस ना. भांडले."

आईचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. गेल्या दोन महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती. "बघ, शांतवन माझाच भाऊ आहे शेवटी," ती म्हणाली. "मी त्याला काय काय बोलले मनातल्या मनात. प्रभू मला क्षमा करो." आणि मग तिनं हाक मारली, "मंजुळा."

मंजुळा ओल्या हातांनीच आली. आईनं तिचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "कागद दिला नाही, तरी जागा मिळाली. ऐकलंस? आपण घट्ट राहिलो की देव वाट काढतो. मी गेल्यावर कुणी कितीही सांगो, तू लिहून देऊ नको. जालन्याला जा."

"नाही देणार, आई," मंजुळा म्हणाली आणि रडायला लागली. मी दूध तापवायचं निमित्त करून तिथून उठले.

शुक्रवारी सकाळी आई गेली. पाय धुतलेले, वेणी घातलेली, सगळं तिच्या मनासारखं. मंजुळानंच तिला शेवटची आंघोळ घातली आणि पांढरं पातळ नेसवलं. मामा आले. या वेळी चपला काढल्या, आत आले, बहिणीच्या पायाशी उभे राहिले आणि खड्डा घ्यायला माणसं लावायला गेले.

चार वाजता आम्ही कबरस्तानात होतो. सगळी मंडळी जमली होती. एलियाच्या सभेतली, मेळाव्याला न गेलेली दोनतीन माणसं आणि मंजुळा भिंतीच्या बाहेर उभी होती, कारण पटावर नाव नसलेल्यानं अशा वेळी आत यायचं नाही, हाही नियम. जिनं आंघोळ घातली ती बाहेर आणि ज्यांनी चार महिने आमच्या दारात पाऊल टाकलं नाही ते आत. भिंत कमरेएवढीच होती. मंजुळा मला स्वच्छ दिसत होती. मी तेही चालवून घेतलं. खड्डा बाबांच्या शेजारी होता, सरळ पूर्वपश्चिम, आणि मला दुसरं काही नको होतं.

पेटी खड्ड्याच्या तोंडाशी आडव्या बल्ल्यांवर ठेवली होती. चौघांनी दोर धरले होते. मामांनी पुनरुत्थानाचं वचन वाचलं, प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणाले. मग त्यांनी बायबलातून घडी घातलेला कागद काढला.

"पेटी खाली सोडण्याआधी मंडळीला एक कळवायचं आहे," मामा म्हणाले.

माफीचा कागद मंडळीसमोर वाचल्याशिवाय नाव पटावर चढत नाही. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. लहानपणी माणसं देवळात पुढं उभी राहून असले कागद वाचताना मी पाहिली होती, खाली मान घालून. पण मेलेल्या माणसाचा कागदही वाचतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होते, तो रजिस्टरात चिकटवतील आणि विषय संपेल.

मामा शिक्षकाच्या आवाजात वाचायला लागले, एकेक शब्द सुटा करून. भिंतीपलीकडच्या माणसालाही ऐकू जावा असा. 'मी घेतलेला दुसरा बाप्तिस्मा ही माझी चूक होती.'

मंजुळानं डोकं तिरपं करून उजवा कान पुढं केला. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं तिच्या तोंडावर होतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मला दोन शब्द म्हणायचे होते. खोटं आहे, एवढंच. गावात ज्या बाईच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं, तिला दोन शब्द जड नव्हते. पण पेटी अजून वर होती. दोर त्या चौघांच्या हातात होते. मी तोंड उघडलं असतं तर आईला उचलून नाल्याकडं नेलं असतं, माझ्या डोळ्यांदेखत. मी पायाखालच्या ढेकळांकडं बघत राहिले.

मामा सहीपाशी आले. "शलोमी दाविद ओहोळ," त्यांनी वाचलं आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कागद खिशात ठेवला. "सोडा," म्हणाले. पेटी खाली गेली. मी मूठभर माती टाकली. मान वर केली तेव्हा भिंतीपलीकडं मंजुळा नव्हती.

सगळे गेल्यावर मी मामांना फाटकापाशी गाठलं. ते नळावर हात धूत होते.

"हे वाचायचं ठरलं नव्हतं, मामा."

"ठरवायचं काय त्यात? नियम आहे."

"तिच्या पेटीपाशी उभं राहून? लाज नाही वाटली?"

"आवाज चढवू नको, रिबका." त्यांनी हात झटकले. "आक्कानं ते लिहिलेलं नाही."

नळ वाहत होता, तो मी बंद केला.

"अक्षर काय, तिचं, तुझं, माझं, सगळं एकच," मामा म्हणाले. "पण आक्का माफी मागत नसते. बासष्ट वर्षं मी तिचा भाऊ आहे. पहिली ओळ वाचली तेव्हाच कळलं मला."

"मग घेतला कशाला कागद?"

"तुला जागा पाहिजे होती. मला कागद पाहिजे होता. भिकाजीची सून चार महिने घराबाहेर आहे. तिचं बघून आणखी दोन घरं फुटायच्या बेतात आहेत. त्यांना वाचून दाखवायला मला आक्काचं नाव पाहिजे होतं."

"मी सगळ्यांना खरं सांगेन."

"सांग की. उद्या पंच बसतील. नाव परत पटावरून जाईल आणि पेटी उकरून बाहेर न्यायचा ठराव होईल. मी हात नाही लावणार. लावणारे पुष्कळ आहेत." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि तो तसाच डोळ्यांवर धरला. "माझी पण बहीण होती ती. मला काय ती नाल्याकडं पाहिजे होती?"

ते रडत होते. मला त्याचाच जास्त राग आला. कोरड्या डोळ्यांनी निर्दयपणा केला असता तर मी त्यांना जन्मभर सुखानं शिव्या घातल्या असत्या. पुढं दहा वर्षं ते जगले, आणि त्या दहा वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही भांडले नाही. भांडायला तोंड कुठं होतं?

मी घरी आले तेव्हा मंजुळा पडवीत बसली होती. जालन्याला न्यायचं गाठोडं तिनं आदल्या आठवड्यातच बांधून ठेवलं होतं, ते मांडीवर होतं. ऊन अजून अंगणात होतं. तिनं मला पाणी आणून दिलं. मी पिईपर्यंत थांबली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"आई मला म्हणली का कागद न देता जागा मिळाली. माझा हात धरून म्हणली."

मी भांडं खाली ठेवलं.

"मी काय नाव ठेवत नाही," मंजुळा म्हणाली. "दुखण्यात माणूस काय पण लिहितं. एवढंच सांगा, तिच्या हातानं लिहिलंय का?"

तिथं मामा नव्हते, पंच नव्हते, कुणीच नव्हतं. आम्ही दोघीच. ही पोर पोटात ठेवील, कुणाला सांगणार नाही, हे मला माहीत होतं. तरी माझ्या डोळ्यांसमोर ती ओली माती आली, आणि उद्या हिच्या तोंडून एखादा शब्द सुटला तर, असं मनात आलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. हिला आईसारख्या असलेल्या बाईच्या नावावर मी खोटं लिहिलं, हे हिला सांगायची मला लाज वाटली.

"हो," मी म्हणाले. "तिनंच लिहिलंय."

मंजुळानं मान हलवली. रडली नाही. गाठोड्याची गाठ तिनं सोडली, परत बांधली आणि ते बाजूला ठेवलं.

"तिला नाही जमलं तर मला काय जमतंय," ती म्हणाली. "मी उगं ताणून धरलं."

"जालन्याला जा तू, मंजुळा. मावशी वाट बघत असेल."

"कशाला आता?" तिनं माझं रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं. "ताई, मला एक कागद द्याल? चौथीच शिकलेय मी. काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

मी आत गेले. वही टेबलावरच होती. एक पान फाडलं, पेन घेतलं आणि बाहेर येऊन तिच्यासमोर ठेवलं. तिनं पडवीतल्या फळीवर कागद सरळ केला आणि माझ्याकडं बघितलं. तिन्ही ओळी मला पाठ होत्या. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.